देन्दालची चावडी

वाचकहो, चावडी ही जागा आपल्यापैकी कोणालाच नवी नाही. रहिवासाचा दाखला हवा, चावडीवर जा. हद्दीवरून भांडण झाले, चावडीवर जा. घरपट्टी थकली तर आपण गेलो नाही तरी चावडीचा शिपाई आपणहून दारात येतो. इतक्या ओळखीच्या जागेकडे इतिहासाची जागा म्हणून आपण कधी बघत नाही. इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे गड, किल्ले आणि दरबार येतात. आज मी तुम्हाला एका शहरी चावडीची हकिगत सांगणार आहे. ती आहे मध्य आफ्रिकेत, काँगो नदीच्या काठी, किन्शासा शहरातल्या एका मोहल्ल्यात. या मोहल्ल्याचे जुने नाव देन्दाल. तेथील एका कारकुनाने १९५८ साली आपल्या छोट्या कचेरीची सूत्रे हाती घेताना एक भाषण केले, आणि त्यानंतर सव्वादोन वर्षांत एक अवाढव्य देश स्वतंत्र झाला. हे कसे घडले ते समजायचे तर आधी ते शहर कसे वसले हे पाहिले पाहिजे.

काँगो नदी समुद्राकडे जाताना एके ठिकाणी तळ्यासारखी पसरते आणि तिथून पुढे मोठमोठ्या धबधब्यांवरून खाली कोसळते. त्या धबधब्यांमुळे समुद्रातून आलेली जहाजे वर येऊ शकत नाहीत. म्हणून या तळ्याच्या काठी माल उतरवण्याचा आणि चढवण्याचा मोठा बाजार फार पूर्वीपासून भरत असे. किन्शासा, किंताम्बो अशी गावे तिथे होती. १८८१ साली स्टॅन्ले नावाच्या प्रवाशाने तिथे ठाणे घातले आणि बेल्जमच्या राजाचे, लिओपोल्डचे नाव त्याला दिले. १८९८ साली खालच्या मातादी बंदरापासून तिथपर्यंत आगगाडी आली आणि लिओपोल्डव्हिल वाढू लागले. १८८५ पासून हा सगळा मुलूख त्या राजाची जणू खासगी जहागीर होती. रबरासाठी तिथल्या रयतेचे जे हाल झाले त्यांचा बोभाटा जगभर झाला, तेव्हा १९०८ साली बेल्जम सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला. पुढे बोमा येथील राजधानीही लिओपोल्डव्हिलला आली.

आता शहराची रचना बघा. नदीच्या बाजूला गोऱ्यांचे गाव : रुंद रस्ते, झाडी, बंगले, कचेऱ्या. मागच्या बाजूला काळ्या लोकांची वस्ती. तिला 'सिते' म्हणत. या दोन्हींच्या मध्ये मुद्दाम रिकामी जागा सोडलेली. त्या जागेत गोल्फचे मैदान, प्राण्यांची बाग, झाडांची बाग अशी व्यवस्था होती. कारण आरोग्याचे सांगत. डास आणि रोगराई इकडून तिकडे येऊ नये म्हणून हे अंतर, असा त्यांचा युक्तिवाद होता. पण बंगल्यातला स्वयंपाकी, माळी, कचेरीतला कारकून हे सगळे रोज तेच अंतर तुडवून कामावर येत. रात्री ठरावीक वेळेनंतर मात्र परवान्याशिवाय त्यांना गोऱ्यांच्या भागात थांबता येत नसे. आपल्याकडे गावकुसाबाहेरची वस्ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

सितेमध्ये रस्ते आखलेले, सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. त्यांच्यात चौकोनी भूखंड पाडलेले. या भूखंडाला तिथे 'पार्सेल' म्हणतात, आणि किन्शासातले सगळे जीवन या पार्सेलभोवती फिरते. पार्सेल म्हणजे आपल्या वाड्याचा चौक समजा. चारी बाजूंनी कुंपण किंवा भिंत. आत मालकाचे घर, त्याच्या बाजूला भाडेकऱ्यांच्या खोल्या. आंब्याचे किंवा पपईचे झाड. नळ एक, संडास एक, अंगण सगळ्यांचे. स्वयंपाक अंगणात कोळशाच्या शेगडीवर. कसाव्याच्या कंदाचे पीठ शिजवून केलेला फुफूचा गोळा, त्याच झाडाच्या पाल्याची पोन्दू नावाची भाजी, खारवलेले मासे. पानांत गुंडाळून उकडलेला क्वांगा तर प्रवासातही टिकतो. मालक, भाडेकरू, त्यांचे गावाकडून आलेले पाहुणे, शिकायला आलेले भाचे-पुतणे असा मोठा परिवार एका पार्सेलमध्ये नांदतो. भांडणे होतात, समेटही तिथेच होतात.

दुसऱ्या महायुद्धात आणि त्यानंतर खेड्यांतून माणसांचा लोंढा शहरात आला. १९४० च्या सुमारास पन्नास हजारांच्या आत असलेली वस्ती १९६० पर्यंत चार लाखांच्या घरात गेली. जुनी सिते अपुरी पडली. तेव्हा देन्दाल, न्गिरी-न्गिरी, कालामू या नव्या वस्त्या आखल्या गेल्या. १९५२ साली सरकारने घरबांधणीसाठी एक वेगळे खाते काढले आणि बांदालुंग्वा, मातेते, लेंबा, न्जिली येथे हजारो घरे बांधली. घरे झाली, नळ आले, शाळा आल्या. पण या सगळ्या कारभारात तिथे राहणाऱ्या माणसाला विचारीत कोण होते? सितेचा प्रमुख सरकार नेमी. सल्लागार मंडळही सरकारच नेमी. कोणाला शहरात राहू द्यायचे, कोणाला खेड्याकडे परत पाठवायचे, हे परवान्यावर ठरे, आणि परवान्यावरचा शिक्का गोऱ्या अधिकाऱ्याचा असे.

शिकलेल्या लोकांसाठी एक निराळीच वाट काढली होती. १९४८ साली सुसंस्कृतपणाचे एक प्रमाणपत्र निघाले आणि १९५२ साली त्याहून वरच्या दर्जाची नोंदणी. ती हवी असेल तर चौकशी समिती घरी येई. घर कसे ठेवले आहे, जेवायला कसे बसता, बायकोशी कसे बोलता, हे सगळे तपासून मग माणूस 'सुधारलेला' ठरे. शिक्षक मित्रांनो, जरा कल्पना करा. आपण वीस वर्षे मुलांना शिकवावे, आणि आपण सुसंस्कृत आहोत की नाही हे परक्याने आपल्या घरातली ताटे-वाट्या मोजून ठरवावे! ज्यांना ही प्रमाणपत्रे मिळाली त्यांच्याही मनात तो सल राहिला.

अशा लोकांपैकीच एक जोसेफ कासा-वुबू. पाद्री होण्यासाठी ते मिशनच्या विद्यालयात शिकले, पण ते शिक्षण अर्धवट सोडले. काही काळ शाळेत शिकवले, मग सरकारच्या हिशेब खात्यात कारकून झाले. बोलणे कमी, स्वभाव हट्टी. बाकोंगो लोकांची आबाको नावाची एक संस्था होती. ती निघाली आपली भाषा टिकवण्यासाठी. १९५४ साली कासा-वुबू तिचे अध्यक्ष झाले. त्याच सुमारास एका बेल्जियन प्राध्यापकाने काँगोला तीस वर्षांत टप्प्याटप्प्याने स्वातंत्र्य द्यावे अशी योजना मांडली. बेल्जममध्ये तीस वर्षे म्हणजे फारच घाई झाली, असे पुष्कळांना वाटले. इकडे १९५६ च्या ऑगस्टमध्ये आबाकोने जाहीर केले की आमचा धीर संपला आहे, आम्हाला आजच मोकळे करा. भाषा टिकवणारी संस्था अशी राजकारणात उतरली.

सरकारने यावर एक मध्यम मार्ग काढला. देशाचा कारभार तूर्त नको, आधी मोहल्ल्याचा कारभार चालवून पाहा, असा तो विचार होता. १९५७ च्या मार्चमध्ये शहरांसाठी नवा कायदा झाला. शहराचे विभाग पाडले, त्यांना 'कोमून' हे नाव मिळाले. प्रत्येक कोमूनला एक मंडळ आणि एक प्रमुख. या प्रमुखाला 'बूर्गमेस्त्र' म्हणतात. सोयीसाठी आपण त्याला नगराध्यक्ष म्हणू. डिसेंबर १९५७ मध्ये निवडणूक झाली. मत फक्त पुरुषांना, तेही वयाने पंचवीस वर्षे पूर्ण केलेल्यांना. ज्या बायका नळावर, बाजारात आणि अंगणात मोहल्ला चालवीत होत्या त्यांना मत नव्हते. शिवाय सबंध शहराचा जो मुख्य नगराध्यक्ष, तो गोराच राहिला आणि सरकारनेच नेमला. तरीसुद्धा हे मतदान म्हणजे मोठी गोष्ट होती. लिओपोल्डव्हिलच्या काळ्या माणसाने प्रथमच चिठ्ठी टाकून आपला माणूस निवडला. काळ्यांच्या कोमूनमध्ये बहुतेक ठिकाणी आबाकोचे लोक आले. देन्दालला कासा-वुबू, कालामूला पिन्झी, न्गिरी-न्गिरीला दियोमी असे नगराध्यक्ष झाले.

२० एप्रिल १९५८ रोजी कासा-वुबूंनी देन्दालची सूत्रे घेतली. समारंभ साधा. अशा वेळी काय बोलायचे हे आपल्याला माहीत आहे : गटारे, दिवे, वरिष्ठांचे आभार. कासा-वुबूंनी मात्र सरळ देशाचा प्रश्न काढला. मोहल्ल्याची निवडणूक म्हणजे लोकशाही होत नाही. सबंध देशात सार्वत्रिक निवडणुका घ्या, आम्हाला आमचे सरकार द्या, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. समोर सरकारी अधिकारी बसले होते. त्यांनी पुढे कासा-वुबूंना याबद्दल ताकीद दिली. पण शब्द तोंडातून गेला होता आणि दुसऱ्या दिवशी अंगणा-अंगणांत त्याचीच चर्चा होती.

त्या वर्षी व्यापार मंदावला होता. शहरात बेकारी वाढली होती. रविवार, ४ जानेवारी १९५९ रोजी कालामूत आबाकोची सभा ठरली. राजकीय सभेला परवानगी मिळाली नाही. पुढाऱ्यांनी जमलेल्या लोकांना सभा पुढे ढकलल्याचे सांगितले, पण लोक पांगेनात. त्याच वेळी जवळच्या मैदानावर फुटबॉलचा सामना संपला आणि प्रेक्षकांचा लोंढा रस्त्यावर आला. दोन्ही गर्द्या एक झाल्या. दगडफेक, जाळपोळ, मग गोळीबार. दंगल काही दिवस चालली. सरकारी आकड्याप्रमाणे पन्नासच्या आसपास माणसे मेली; लोकांच्या मते याहून कितीतरी अधिक. कासा-वुबू, पिन्झी आणि दियोमी या तिन्ही नगराध्यक्षांना अटक झाली. मोहल्ल्याचे कारभारीच तुरुंगात गेले. पण १३ जानेवारीला बेल्जमच्या राजाने नभोवाणीवरून सांगितले की काँगोला स्वातंत्र्य द्यायचे आहे. तीस वर्षांची गोष्ट राहिली बाजूला. १९६० च्या आरंभी ब्रुसेल्सला गोलमेज परिषद बसली आणि ३० जून १९६० हा दिवस ठरला. स्वतंत्र काँगोचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले देन्दालचे नगराध्यक्ष कासा-वुबू, आणि पंतप्रधान झाले पात्रिस लुमुम्बा.

पुढची हकिगत दुःखाची आहे, आणि ती बहुतेकांना ठाऊक आहे. काही दिवसांतच सैन्यात बंड झाले, कटांगा प्रांत फुटला, राष्ट्राध्यक्ष आणि पंतप्रधान यांचे बिनसले, आणि जानेवारी १९६१ मध्ये लुमुम्बांचा खून झाला. त्या काळात संयुक्त राष्ट्रसंघाचे काँगोतील प्रतिनिधी म्हणून आपले राजेश्वर दयाळ लिओपोल्डव्हिललाच होते, आणि संघाच्या फौजेत भारतीय जवानही गेले होते. २४ नोव्हेंबर १९६५ रोजी सेनापती मोबुतूंनी सत्ता घेतली. कासा-वुबू बाजूला पडले आणि १९६९ साली वारले.

आता पुन्हा आपल्या मोहल्ल्याकडे येऊ. १९६६ साली शहराला किन्शासा हे जुने नाव परत मिळाले. १९६८ साली शहराची चोवीस कोमून झाली. देन्दालला पुढे कासा-वुबूंचेच नाव दिले गेले आणि ते आजही चालू आहे. नावे देशी झाली, पण अधिकार? तो वर गेला. देशात एकच पक्ष, आणि प्रत्येक नागरिक जन्मतः त्याचा सभासद. कोमूनला सत्तरच्या दशकात 'झोन' हे नाव मिळाले, आणि त्याचा प्रमुख हा सरकारचा अधिकारी आणि पक्षाचा स्थानिक पुढारी असा दुहेरी माणूस झाला. शनिवारी 'सालोंगो' असे. म्हणजे सगळ्यांनी मिळून रस्ता झाडायचा, गटार उपसायचे. श्रमदान म्हटले तर चांगलेच. पण हजेरी सक्तीची झाली की त्याला वेठ म्हणतात, आणि वेठबिगारीची आठवण तर काँगोच्या आजी-आजोबांना पुरेपूर होती. लोक झाडू घेऊन येत, हजेरी लागली की घरी जात.

ऐंशीच्या दशकापासून सरकारी पगार पोटाला पुरेनासा झाला. १९९१ आणि १९९३ साली पगार न मिळालेल्या सैनिकांनी शहर लुटले. दुकाने, कारखाने बंद पडले. त्या काळात किन्शासाचे लोक गमतीने एका 'कलम पंधरा'चा दाखला देत. असे कलम घटनेत नाही. त्याचा अर्थ एवढाच : आपले आपण बघा! आणि लोकांनी खरोखर आपले आपण बघितले. दारात टेबल मांडून पाव, साबण, कोळसा विकणाऱ्या बायांनी घरे चालवली. 'लिकेलेंबा' म्हणजे तर सरळ आपली भिशी. दहा-बारा जणांनी ठरावीक रक्कम काढायची आणि ती दर खेपेस एकाने उचलायची. बँक दूर राहिली, पण भिशीवर मुलांची फी भरली गेली आणि शिवणयंत्रे आली. कोणी वारले की 'मातांगा' बसतो. रस्त्यावर ताडपत्री ताणतात, खुर्च्या भाड्याने आणतात, शेजारीपाजारी रात्री जागवतात आणि प्रत्येक जण खर्चाला आपला वाटा देतो. रस्ता अडतो खरा, पण त्या दिवशी कोणी तक्रार करीत नाही.

या मोहल्ल्यांनी जगाला संगीतही दिले. कालामूतला माटोंगे हा भाग गाण्याबजावण्यासाठी प्रसिद्ध आहे. फ्रँको, काबासेले यांच्यासारख्या कलावंतांचा रुम्बा तिथल्या खाणावळी-मद्यगृहांतून निघाला आणि सगळ्या आफ्रिकेत पोचला. २०२१ साली युनेस्कोने काँगोच्या रुम्ब्याला मानवजातीच्या वारशात स्थान दिले. आणि हो, १९५९ च्या दंगलीच्या दिवशी ज्या मैदानावर सामना संपला, त्याच मैदानावर १९७४ साली महंमद अली आणि फोरमन यांची गाजलेली मुष्टियुद्धाची लढत झाली.

मग आज तिथली चावडी कशी आहे? १९९७ साली मोबुतूंची राजवट संपली आणि 'कोमून' हा शब्द परत आला. कोमूनच्या खाली 'कार्तिये', म्हणजे आपला वॉर्ड. त्याचा प्रमुख नेमलेला असतो. त्याची कचेरी कित्येकदा एक खोली, एक टेबल, दोन बाकडी आणि जाडजूड वह्या एवढीच. नवा भाडेकरू आला, त्याची नोंद इथे. रहिवासाचा दाखला इथे. पार्सेलच्या हद्दीचे भांडण प्रथम इथे. सगळ्यांत बिकट प्रकरणे वारशाची. घरधनी मेला की त्याचे भाऊबंद येतात आणि विधवेला म्हणतात, चल ऊठ, पार्सेल आमचे. १९८७ च्या कुटुंब कायद्याने मुलांना पहिल्या वर्गाचे वारस ठरवले आणि विधवेलाही संरक्षण दिले. पण कायदा पुस्तकात असतो आणि भाऊबंद दारात असतात. अशा वेळी वॉर्डप्रमुखाने वही उघडून, 'ही बाई आणि ही मुले इथे इतकी वर्षे राहतात', एवढे ठामपणे म्हटले तरी एक घर वाचते. तो भाऊबंदांचा मिंधा झाला, तर तीच वही त्या बाईच्या मुळावर येते.

वहीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. काँगोत शेवटची जनगणना झाली ती १९८४ साली. किन्शासाची लोकसंख्या आता दीड कोटीच्या पुढे असावी असे अंदाज आहेत, पण ते अंदाजच. स्वातंत्र्यानंतर शहराच्या कडेच्या टेकड्यांवर आणि ओढ्याकाठी माणसांनी मिळेल तशी घरे बांधली. जमीन पूर्वापार मालकी सांगणाऱ्या प्रमुखांकडून घेतली, रस्ता नंतर, गटार त्याहून नंतर, काही ठिकाणी आलेच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये एका रात्रीच्या पावसात दरडी कोसळल्या, ओढे घरात शिरले आणि शंभराहून अधिक माणसे गेली. ज्याची मोजणी नाही त्याच्यासाठी नळ किती, शाळा किती, गटार किती रुंद, हे ठरवायचे कोणी?

२००६ च्या घटनेने आणि २००८ च्या कायद्याने सांगितले की कोमूनचे मंडळ लोकांनी निवडावे आणि मंडळाने नगराध्यक्ष निवडावा. कायदा झाला, पण निवडणूक पुढे पुढे ढकलली गेली आणि नगराध्यक्ष वरूनच नेमले जात राहिले. कोमूनच्या मंडळांसाठी मतदान झाले ते २० डिसेंबर २०२३ रोजी, तेही देशातल्या मोजक्याच कोमूनमध्ये. यावेळी मतदानाच्या रांगेत बायका होत्या, आणि मतपत्रिकेवर उमेदवार म्हणूनही होत्या. १९५७ च्या डिसेंबरपासून मोजले तर सहासष्ट वर्षे होतात.

वाचकहो, १९५७ साली राज्यकर्त्यांचा हिशेब असा होता की मोहल्ल्याचा कारभार दिला म्हणजे लोक देशाचा कारभार मागणार नाहीत. तो हिशेब चुकला. ज्याने आपला नगराध्यक्ष निवडला त्याला आपला राष्ट्राध्यक्षही निवडावासा वाटला. पुढे स्वकीय राज्यकर्त्यांनी ती चावडी लोकांच्या हातून काढून घेतली, तेव्हा राजधानीतल्या सत्तेला जाब विचारणारी खालची जागाच उरली नाही. परक्यांनी दिली तेव्हा ती अर्धीच होती, आणि आपल्यांनी घेतली तेव्हा पुरती गेली, हे किन्शासाच्या लोकांचे खरे दुःख आहे.

शिक्षक मित्रांनी वर्गात आफ्रिकेचा नकाशा काढला की काँगो नदीच्या काठी किन्शासाची खूण करावी आणि मुलांना ही गोष्ट सांगावी. मग एक दिवस मुलांना आपल्या चावडीवर न्यावे. तिथली वही त्यांना दाखवावी. तीत कोणाकोणाची नावे आहेत, विधवेच्या नावावर घर लागले आहे का, वस्तीच्या टोकाला राहणाऱ्यांची नोंद झाली आहे का, हे मुलांनीच विचारावे. गावकऱ्यांनीही ग्रामसभेची दवंडी ऐकली की 'मला काय त्याचे' म्हणून घरी बसू नये. देन्दालच्या माणसांना अशी सभा मिळावी म्हणून दोन पिढ्या वाट बघावी लागली आहे.